आयपीए आणि शिपायाचं नाव

फौजीच्या नावावर आपल्याकडे काहीही खपतं. बूट खपतात, घड्याळं खपतात, आणि आता बिअरही खपते.

बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये एका छोट्या ब्रुअरीत गेलो होतो. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, पुढ्यात लाकडी पट्टीवर पाच छोटे ग्लास. बिअर उत्तम होती, हे आधीच सांगून टाकतो. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. तिच्यात ना केळं असतं ना लवंग, ती सगळी यीस्टची करामत. स्टाउट काळीभोर, भाजलेल्या जवामुळे कॉफीसारखी कडवट. बनवणाऱ्या पोराच्या हातात कसब होतं. शेवटी त्याने इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए, पुढे सरकवली. "सर, ही तर तुमचीच. हिंदुस्थानातल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये खास शोधून काढलेली." मेनूकार्डावरही हेच छापलं होतं.

चव खरी, गोष्ट खोटी.

फिकट रंगाची, हॉप्स जास्त घातलेली, मुरवून प्यायची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. लंडनच्या बो भागातला हॉजसन तीच बिअर कंपनीच्या जहाजांवरच्या कप्तानांना उधारीवर द्यायचा. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून ती कलकत्त्याला यायची. पुढे बर्टनचे ब्रुअर त्या धंद्यात उतरले. पण ती पीत कोण होतं? कंपनीचे मुलकी साहेब, व्यापारी आणि लष्करातले अधिकारी. गोऱ्या साध्या शिपायासाठी कंपनी मागवायची ती पोर्टर: तपकिरी-काळी, स्वस्त. तीही तोच प्रवास करून नीट पोचायची, म्हणजे 'फक्त आयपीएच टिकायची' हीसुद्धा थापच. पुढे 1860 मध्ये मरीच्या डोंगरात ब्रुअरी निघाली, तीही गोऱ्या फौजेची तहान भागवायला.

आणि आपला शिपाई? कंपनीच्या फौजेत बहुसंख्य तोच होता. त्या नावातल्या 'इंडिया'त मात्र तो कुठेच नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं? दोन घोट घेताना एक गोष्ट ऐकली, बिघडलं कुठे?

बिघडतं असं, की साहेबाच्या ग्लासावर शिपायाचं नाव चिकटवलं जातं आणि शिपायाचा खरा ग्लास पुसला जातो. फौजेत राहिलेल्याला हे नवं नाही. लढाईचं वर्णन लिहिताना ज्यांची नावं येतात आणि खंदकात जे बसलेले असतात, त्यांतलं अंतर आपण सगळेच जाणतो. इतिहासाची इतकी साधी नोंदही सरळ ठेवता येत नसेल, तर मोठ्या नोंदींचं काय होणार?

ब्रुअरीवाल्यांना माझं सांगणं एवढंच. आयपीए जरूर विका, पण 'साहेबांची बिअर' म्हणून विका. शिपायाचा मान राखायचाच असेल, तर टाकीत चांगली पोर्टर घाला आणि पाटीवर लिहा: गोऱ्या शिपायाच्या वाट्याला आलेली बिअर हीच. आणि त्याखाली आणखी एक ओळ: काळ्या शिपायासाठी मागवलेली नव्हती.

माजी सैनिकहो, पुढच्या वेळी कोणी "सर, ही तुमचीच" म्हणाला, तर ग्लास उचलण्याआधी विचारा: कुणाची?