छत्री मिटली, आता दार उघडावे

आश्विन उजाडला की घरोघरी छत्र्या वाळवून माळ्यावर ठेवल्या जातात. गाद्यांना ऊन दाखवले जाते, कपाटांचा कुबट वास जातो, भिंतींची ओल सुकते. चार महिने कोंडलेले घर मोकळा श्वास घेते. घरातील वडीलधारी माणसे मात्र पुष्कळदा तशीच आत राहतात. जूनमध्ये निसरड्या रस्त्याच्या धास्तीने त्यांचे फिरणे सुटलेले असते. पाऊस थांबला की सुरू करू, असे ते म्हणतात. पाऊस थांबतो तर ऑक्टोबरचे ऊन तापते. मग थंडी पडू द्या, असे ठरते. आणि थंडी पडली की गुडघे कुरकुरू लागतात. एवढ्यात पुन्हा जून येतो.

तिसऱ्या मजल्यावर राहणारे सत्तरीचे एक जोडपे डोळ्यांसमोर आणावे. भाजी दारात येते, वीजबिल फोनवरून भरले जाते, उद्वाहन खाली नेते आणि वर आणते. एके दिवशी वीज जाते आणि जिना उतरण्याची वेळ येते. चौथ्याच पायरीवर गृहस्थांना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो. गुडघा दुखत नसतो. पायांत जोरच उरलेला नसतो. आपले काय झाले, हे त्यांना त्या पायरीवर प्रथम कळते.

वयानुसार स्नायू कमी होतात, हा शरीराचा धर्मच आहे. परंतु हालचाल थांबली की ही झीज फार वेगाने होते. पायांतील जोर गेला की तोल जातो, तोल गेला की पडण्याची भीती वाटते आणि त्या भीतीने माणूस आणखी घरात बसतो. म्हातारपणी मांडीचे हाड मोडले तर चालतेबोलते माणूस परावलंबी होते, हे पुष्कळ कुटुंबांनी अनुभवले आहे. ज्याला आपण वय झाले असे म्हणतो, त्यातील बराचसा भाग ही बसून घालवलेल्या महिन्यांची थकबाकी असते. समाधानाची गोष्ट अशी की ती फेडता येते. सत्तरीनंतरही नियमित व्यायामाने स्नायूंचे बळ वाढते. आणि ही फेड सुरू करण्यास शरद ऋतूसारखा दुसरा मुहूर्त नाही.

शरदाला दोन चेहरे आहेत. पाऊस माघारी फिरला की आकाश निरभ्र होते, जमिनीत मात्र ओल असते. तिची वाफ हवेत राहते, वरून थेट ऊन पडते आणि दुपार असह्य होते. हाच आपला ऑक्टोबरचा उकाडा. चरकसंहितेतील ऋतुचर्येत म्हटले आहे की वर्षाऋतूत साठलेले पित्त शरदात उसळते. म्हणून या दिवसांत ऊन, दव आणि दिवसाची झोप टाळावी आणि रात्रीच्या आरंभी चांदण्याचे सेवन करावे. म्हणजे वेळापत्रक ग्रंथकारांनीच आखून दिले आहे: सकाळ आणि संध्याकाळ बाहेर, भर दुपार सावलीत.

सकाळी सूर्य उगवल्यावर तासाभरात बाहेर पडावे. घरातील दिव्यांचा उजेड डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण बाहेरचा प्रकाश त्याच्या अनेक पटींनी प्रखर असतो. तो डोळ्यांवर पडला की शरीरातील घड्याळ जुळते आणि रात्री झोप वेळेवर येते. अपुऱ्या झोपेची तक्रार करणाऱ्यांनी गोळीचा विचार करण्यापूर्वी हा उपाय महिनाभर करून पाहावा. एक गैरसमज मात्र दूर व्हावा. कोवळ्या उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर मिळते, असे समजले जाते. प्रत्यक्षात ते तयार करणारे किरण तिरप्या उन्हात फार थोडे असतात. त्यासाठी रक्त तपासून डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

संध्याकाळचे फिरणे ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते त्यांना विशेष सोयीचे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे संथ चालले तर रक्तातील साखर एकदम चढत नाही. मधुमेही व्यक्तींनी हा नियम बारा महिने पाळावा असाच आहे.

किती चालावे? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि बळ वाढवणारे व्यायाम करावेत, असेही त्यात आहे. १५० हा आकडा मोठा वाटतो. पण पाच दिवस प्रत्येकी तीस मिनिटे, आणि तीही दहा-दहा मिनिटांच्या तीन हप्त्यांत, म्हटली की तो आवाक्यात येतो. आवर्ती ठेवीसारखेच हे आहे. हप्ता लहान असावा, पण चुकू नये. दिवाळीच्या सुटीत एकदाच गड चढून आठवडाभर अंथरुण धरण्यापेक्षा रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येणे अधिक फळते. तोलासाठी भिंतीचा आधार घेऊन काही क्षण एका पायावर उभे राहावे. बळासाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे.

चालणे कंटाळवाणे वाटत असेल, तर पाहण्यासारखे काही शोधावे. शरदात त्याला तोटा नाही. पहाटे पारिजातकाचा सडा पडलेला असतो, संध्याकाळी सप्तपर्णीचा उग्र गंध रस्ता भरून टाकतो. नदीकाठी कासाचे तुरे डोलतात, सह्याद्रीच्या उतारांवर सोनकी पिवळी होते. शेपटी सतत हलवणारा धोबी पक्षी याच सुमारास उत्तरेकडून येतो. कोजागरीनंतरही गच्चीवर जाणे सोडू नये. कार्तिकात दिवेलागणीनंतर पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर येताना दिसतो. ज्यांच्यावरून महिन्याला नाव मिळाले त्या याच, हे नातवंडांना दाखवावे. दिवसभर पडद्याकडे पाहणाऱ्या त्या डोळ्यांनाही दूर पाहण्याचा विसावा हवा असतो.

थोडी सावधगिरी आवश्यक आहे. शरदाला वैद्यांची माता म्हणण्याची जुनी रीत आहे, ती उगाच नव्हे. साचलेल्या पाण्यातील डास याच दिवसांत डेंग्यू पसरवतात आणि ते सकाळी व सूर्यास्ताच्या आधीच अधिक चावतात. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, कुंड्यांखालचे पाणी काढून टाकावे. दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चालण्याचा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. परंतु मधुमेहात पायाला झालेली जखम लवकर कळत नाही, आणि गवतातील सूक्ष्म जीवांचाही विचार आहेच. कोरडी वाट आणि घट्ट बसणारे बूट बरे. चालताना छाती दाटली, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा अधिक धाप लागली, तर तेथेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

त्या तिसऱ्या मजल्यावरील जोडप्याने काय करावे? पहिल्या दिवशी इमारतीच्या फाटकापर्यंत जावे आणि बाकावर बसून परत यावे. आठवड्याने कोपऱ्यावरील सप्तपर्णीपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात एक मजला जिन्याने, कठडा धरून का होईना, पण उतरून पाहावे. रोज एकमेकांची वाट पाहणारे चार समवयस्क वाटेत भेटू लागले, की मग घरी बसणे आपोआप अवघड होते.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधु-साध्वींचा पायी विहार पुन्हा सुरू होतो. त्या पहाटे वेशीपर्यंत सोबत जाण्याची आपल्याकडे रीत आहे. काही ज्येष्ठ दाराशीच हात जोडून मागे राहतात; काही रिक्षाने पुढे जाऊन वाट पाहतात. यंदा आश्विनापासून रोज थोडे चाललेली पावले त्या दिवशी वेशीपर्यंत जाऊ शकतील, आणि परतही येतील.