दाढोबाचे जेवण

दरसाल दिवाळी अंकाच्या या पानावर मी घरातले एखादे गाऱ्हाणे मांडतो. यंदा मांडायचा आहे तो गुन्हा, आणि तो माझाच आहे.

आम्ही शिरवण्याला राहतो. १९७० नंतर नवी मुंबई वसू लागली, भातशेते गेली, कारखाने आले, इमारती आल्या. गावठाण मात्र मधोमध तग धरून आहे. अशा ठिकाणी माणसाने कुत्रा पाळावा, फार तर पोपट (तोही आता कायद्याने पाळता येत नाही!). आमच्या नातवाने सरडा आणला. ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या जातीचा, पण जन्म पिंजऱ्यातलाच. आपली घोरपड किंवा नक्षत्र कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हा त्यातला नव्हे, एवढी खात्री मी आधी करून घेतली. रागावला की हनुवटीखालची कातडी फुगवून काळी करतो, म्हणून याचे नाव दाढोबा.

दाढोबा रातकिडे खात असे. ते रात्रभर किरकिरत आणि सूनबाई सकाळी किरकिरत. ज्येष्ठात त्याने खाणेच टाकले. डोळे खोल गेले, शेपटीचे मूळ सुकले. डॉक्टर म्हणाले, टणक कवचाचे किडे तूर्त बंद, मऊ काहीतरी द्या. रेशमाची अळी मिळाली तर उत्तम. तिच्या अंगात पाणीच सुमारे ८० टक्के, चरबी बेताची.

रेशमाची अळी म्हटल्यावर सौ.ला भाऊ आठवला. आमचे मेहुणे जालना जिल्ह्यात तुती लावतात. त्या बाजूला हे पीक चांगलेच रुजले आहे; २०१८ पासून जालन्यात कोषांचा बाजारही भरतो. आषाढात ते स्वतः खोके घेऊन आले. आत दोनशेएक अळ्या, दुसरी कात टाकलेल्या, बोटाच्या पेरापेक्षाही लहान.

त्यांनी नातवाला चार गोष्टी शिकवल्या. अळी चार वेळा कात टाकते; कातेवर बसली की डोके वर करून निश्चल राहते, तेव्हा पाला घालायचा नाही, हलवायचेही नाही. ओला पाला कधी द्यायचा नाही. सरड्याच्या दोन डोळ्यांत जेवढे अंतर, त्याहून जाड अळी त्याला घालायची नाही, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलेले. आणि मेहुण्यांची शेवटची ताकीद : ज्या घरात अळी, त्या घरात डासांची कॉइल नाही, फवारा नाही, तंबाखूचा हातसुद्धा नाही.

गावठाणात एका घरामागे तुतीचे झाड होते. तिथल्या आजीबाईंनी पाला दिला, आणि तो कशाला हवा हे ऐकून पदराआड हसल्या. पावसाचे दिवस, एकेक पान पंचाने पुसायचे काम माझ्याकडे आले. रात्री सामसूम झाली की खोक्यातून पाला कुरतडल्याचा आवाज येई, पत्र्यावर रिमझिम पडावी तसा. दाढोबाने पहिल्याच दिवशी तीन अळ्या मटकावल्या.

सौ.ला ते बघवेना. "पोटच्या पोरासारखे पाने पुसून वाढवायचे आणि त्याच्या तोंडात द्यायचे!"

नातू म्हणाला, "आजी, आजोबांचा सोवळ्याचा मुकटा कशाचा आहे?"

मेहुण्यांनी तेव्हाच सांगितले होते की पतंग बाहेर पडला तर कोष फुटतो आणि धागा तुटतो. म्हणून आतल्या जिवासकट कोष वाफेत किंवा कढत हवेत मारतात. अखंड निघाला तर एका कोषाचा धागा सुमारे एक किलोमीटर भरतो. सौ. काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मुकटा माझा होता.

आठवड्याने एका रात्री वीज गेली. मच्छरदाणीत गुदमरू लागले. कपाटात एक जुनी कॉइल होती. खोके बाहेरच्या खोलीत, मी आतल्या. दार लोटलेले, एवढ्याने काय होते, असे म्हणून मी ती पेटवली. कॉइलमधले औषध डासासाठी असते खरे, पण अळीही कीटकच, हे मला कळत नव्हते असे मी म्हणणार नाही.

सकाळी अळ्या अंग पिळत होत्या, तोंडातून हिरवे पाणी येत होते. दुपारपर्यंत सगळे शांत झाले. विषारी म्हणून त्या दाढोबालाही घालता येईनात. नातू शाळेतून आला तेव्हा मी दारातच त्याला सांगितले. तो रडला नाही, रागावलाही नाही. खोके उचलून गॅलरीत नेऊन ठेवले आणि त्या संध्याकाळी माझ्याशी बोलला नाही. दाढोबा नुकता कुठे अंग धरू लागला होता. मेहुण्यांकडची पुढची तुकडी यायला पंधरा दिवस.

तेव्हा सौ. स्वयंपाकघरात गेली आणि बंद कपाटातून बुटांचे एक खोके घेऊन आली. आत वीस अळ्या, चांगल्या टपोऱ्या! रोज दोन-तीन अशा तिने त्या चोरून बाजूला काढल्या होत्या, कोष करू द्यायच्या म्हणून. तिने खोके नातवापुढे ठेवले. बराच वेळ कोणी हात लावीना. शेवटी तिनेच बारा मोजून दिल्या. "या त्याच्या. या आठ माझ्या."

बारांवर दाढोबाने दिवस काढले. सौ.च्या आठांनी श्रावणात कोष केले, पतंग निघाले. बिचाऱ्यांना उडता येत नाही, खाताही येत नाही. उडता न येणे हे हजारो वर्षे माणसाच्या हातून जेवल्याचे फळ. जोड्या जमल्या, आणि कागदावर पिवळी अंडी पडली. ती दोन-तीन दिवसांत करडी झाली.

मेहुणे फोनवर हसले. "अक्का, घरचे बी कोणी धरीत नाही! आमचे अंडीपुंज केंद्रातून येतात. तिथे मादी दुर्बिणीखाली तपासतात, रोगी निघाली तर तिची अंडी जाळतात." ही तपासणी पाश्चरची. १८६५ साली फ्रान्समध्ये रेशमाचा धंदा पेब्रिन रोगाने बुडत होता, तेव्हा तो त्या कामाला लागला. आमच्या अंड्यांना असला दाखला नाही. शिवाय करडी झालेली अंडी झोपतात. महिनोन्महिने थंडी लागल्याशिवाय फुटत नाहीत.

म्हणून तो कागद डबीत घालून फ्रिजमध्ये लोणच्यामागे ठेवला आहे. दिवाळीच्या आवरासावरीत फ्रिज सौ.ने स्वतः पुसला, कोणाला हात लावू दिला नाही. पौषात डबी बाहेर काढायची. पाने पुसायचे काम नातवाने पुन्हा माझ्याकडेच दिले आहे. कॉइलचे खोके मात्र त्याने स्वतः नेऊन टाकले.