लाइट गेली, तरी गच्चीवर वीज जागीच!



फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाली आणि गोंदिया, तिरोडा, आमगावकडच्या गच्च्यांवरही सोलर पॅनेल दिसू लागली. ३ किलोवॅटच्या संचाला केंद्राकडून ७८,००० रुपये अनुदान मिळते, बिलही उतरते. कोणत्या गृहिणीला हे नको असेल? पण एक गोष्ट घरातल्या प्रत्येकीला ठाऊक हवी.

मिक्सरला झटका बसला की आपण आधी मेन स्विच बंद करतो. मेन बंद म्हणजे सारे बंद, असा आपला वर्षानुवर्षांचा समज. सोलरला तो लागू पडत नाही! खालचा मेन बंद करा, नाहीतर महावितरणची लाइट जाऊ द्या. ऊन आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरकडे येणारी तार जिवंतच असते. एका पॅनेलचा दाब सुमारे ४० ते ५० व्होल्ट. पाच-सहा पॅनेल ओळीने जोडली की तो २०० ते ३०० व्होल्टपर्यंत जातो. शिवाय ही वीज डी.सी. तिची ठिणगी एकदा पेटली की सहजी विझत नाही. म्हणून पॅनेलखालचे जोड कुणीही ओढून काढू नयेत, हौशी दिरांनी तर मुळीच नाही.

कुणी म्हणेल, “अहो, बाहेर एवढे ऊन आणि घरात पंखा बंद! सोलर बिघडले वाटते.” बिघडलेले नसते. बहुतेक घरी बसतो तो इन्व्हर्टर लाइट गेली की आपणहून थांबतो. कारण आपली वीज उलटी तारेवर गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तोही कुणाचा तरी घरधनी! तेव्हा “ताई, थोडी जुळवाजुळव करून देतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. लाइट नसतानाही सोलर हवे असेल, तर बॅटरीचा योग्य संच रीतसर बसवून घ्यावा.

आता रोजच्या गोष्टी. उन्हाळ्यात पापड-कुरडया घेऊन आपण गच्चीवर जातोच. वाळवण खुशाल घाला, पण पॅनेलच्या लोखंडी सांगाड्याला कपड्यांची दोरी बांधू नका. मुलांना खालून रांगू देऊ नका. पॅनेल धुवायची ती सकाळी लवकर, काच गार असताना. भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते. तडकलेल्या पॅनेलला वा सोललेल्या तारेला हात न लावता कारागिराला बोलवा.

आपल्याकडे पावसाळ्यात विजा पडतात. बसवणाऱ्याला विचारा, “अर्थिंगचे खड्डे किती?” तीन हवेत: एक वीजरोधकाचा, एक डी.सी. बाजूचा, एक ए.सी. बाजूचा. मे महिन्यात जमीन भेगाळते, तेव्हा खड्ड्यांत अधूनमधून पाणी घाला. कारागीर जाण्यापूर्वी दोन्ही स्विच स्वतः पाहून घ्या. बंद करताना आधी ए.सी., मग डी.सी. हा क्रम कागदावर लिहून इन्व्हर्टरशेजारी चिकटवा. दुपारी घरी आपणच असतो ना!

ठिणगी किंवा धूर दिसला तर बादलीभर पाणी ओतू नका. जवळ जाता येत असेल तरच स्विच बंद करा, मुलांना घेऊन बाहेर पडा, १०१ ला फोन करा. कुणाला झटका बसला, तर त्याला हाताने ओढू नका; कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने दूर सारा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. महावितरणच्या तक्रारीसाठी १९१२.

सूर्य भाडे मागत नाही, हे खरे. पण त्याची वीज स्विचला विचारून येत नाही, हेही तितकेच खरे. एवढे आज संध्याकाळी घरात सगळ्यांना सांगाच.