पानावरून उठवलेला पाहुणा

आमचे सांगलीचे एक स्नेही, सेवानिवृत्त शिक्षक, गेल्या महिन्यात परतीच्या वाटेवर साताऱ्यास आमच्या घरी दोन घटका थांबले. बंगळूरला नातवाची मुंज आटोपून ते सपत्नीक परतत होते. मंगलकार्याहून येणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर जे समाधान असावे ते काही दिसेना. चहा झाल्यावर त्यांनी जी हकीकत सांगितली ती ऐकून, या महिन्यात वाचकांशी दुसऱ्या कोणत्याही विषयावर बोलावे असे आम्हांस वाटले नाही.

मुंजीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला पुण्याहून सुटणाऱ्या विमानाची दोन तिकिटे त्यांनी दोन महिने आधीच काढून ठेवली होती. सांगलीहून पुणे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. रात्रभर बसमध्ये अवघडून हे जोडपे पहाटे पुण्यास उतरले आणि पाचच्या आत विमानतळावर कंपनीच्या काउंटरपुढे उभे राहिले. तेथील मुलीने यंत्रात पाहिले, पुन्हा पाहिले आणि सांगितले, "आजोबा, विमान भरले आहे. तुम्हां दोघांत एकच जागा मिळेल."

"अहो, पण तिकिटावर तर दोघांचीही नावे आहेत!" बाई म्हणाल्या. नावे होती, पैसेही पूर्ण भरलेले होते. परंतु कंपनीने विमानात खुर्च्या होत्या त्यांहून अधिक तिकिटे विकली होती. "तुम्ही पुढे व्हा, मी येते मागून," असे बाई म्हणू लागल्या. मास्तर म्हणाले, "तुला एकटीला येथे कोणाच्या भरवशावर ठेवू? तू जा. भिक्षावळीला आजी हवी." जन्मात एकटीने प्रवास न केलेल्या त्या बाई डोळे पुशीत आत गेल्या. मास्तरांना दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या विमानात जागा मिळाली. दुसऱ्या कंपनीच्या त्याच दिवशीच्या तिकिटाचा भाव तिप्पट होता. तो त्यांच्या निवृत्तिवेतनाला झेपण्यासारखा नव्हता. ते मांडवात पोहोचले तेव्हा मुहूर्त टळून तास झाला होता. नातवासाठी हौसेने घडवून घेतलेली चांदीची पळी आणि पंचपात्री त्यांच्याच पिशवीत राहिली होती.

कंपनीने काय दिले, असे आम्ही विचारले. मास्तरांनी पाकिटातून एक कूपन काढले. सहा महिन्यांच्या आत पुन्हा प्रवास केल्यास दोन हजार रुपयांची सूट! त्याबरोबर त्यांची सही घेतलेल्या इंग्रजी कागदाची प्रत होती. आम्ही चष्मा लावून ती वाचली. प्रवाशाने आपली जागा स्वेच्छेने सोडली आहे, असे तीत लिहिले होते. सही करते वेळी मास्तरांनी हे वाक्य वाचले नव्हते, आणि त्यांना कोणी वाचूनही दाखवले नव्हते.

आता या व्यवहाराचे मूळ पाहू. विमानातील रिकामी खुर्ची हा नासका माल होय. विमान उडाले की तिची किंमत शून्य. तिकिट काढूनही काही मंडळी येत नाहीत, हा कंपन्यांचा नित्याचा अनुभव. म्हणून एकशे ऐंशी खुर्च्यांच्या विमानाची, समजा, एकशे शहाऐंशी तिकिटे विकावयाची आणि सहाजण येणार नाहीत असा अंदाज बांधावयाचा. बहुतेक दिवशी हा अंदाज साधतो. शिवाय स्वस्त तिकिटाचा जो प्रवासी येत नाही, त्याचे बहुतेक भाडे कंपनीकडेच राहते. म्हणजे एकाच खुर्चीचे पैसे दोनदा मिळतात. अंदाज चुकला की मात्र कोणाला तरी दाराशी अडवावे लागते. तो बहुधा उशिरा नोंद करणारा असतो.

असा अंदाज आपल्या घरांतील यजमानही करतो. दोनशे पानांचे आमंत्रण देणारा गृहस्थ जाणून असतो की दहावीसजण येणार नाहीत, आणि आचाऱ्याला त्या मानाने शिधा काढून देतो. यात अधर्म नाही. पण सगळीच मंडळी आली तर काय होते? घरची माणसे मागे सरतात, सुना उपाशी राहून वाढतात, शेजारून ताक येते, कोणी दुकानाकडे धावतो. बसलेल्या पाहुण्याला पानावरून उठवले असे कोणी ऐकले आहे काय? तसे झालेच तर ते बोलणे तीन पिढ्या निघते. अंदाज ज्याने बांधला त्याने चुकीचे पोटही सोसावे, एवढाच याचा न्याय. विमान कंपनीचा लाभ मात्र स्वतःकडे आणि उपास पाहुण्याकडे, असा उलटा व्यवहार होतो.

आपली आगगाडी यापेक्षा सरळ म्हणावी लागेल. महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकिट मिळाले नाही तर 'प्रतीक्षा यादी' असे स्पष्ट छापून येते. आर.ए.सी. असेल तर दोघांनी एका बाकावर बसून जावे लागेल, हे आधी कळते. अडचण होते, पण फसवणूक होत नाही. विमानाच्या 'पक्क्या' तिकिटावर असा इशारा नसतो.

हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत १९६८ साली ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने सुचवले की प्रवाशांचा लिलाव करावा. जो सर्वांत कमी रकमेत राजीखुशीने मागे राहील त्याला ती रक्कम देऊन थांबवावे. लोक हसले. १९७२ साली राल्फ नेडर या ग्राहकांच्या कैवाऱ्यालाच एका कंपनीने विमानात घेतले नाही. तो दावा १९७६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर, १९७८ साली, आधी राजीखुशीचे प्रवासी शोधण्याचा नियम तेथे झाला. तरी २०१७च्या एप्रिलमध्ये शिकागो येथे युनायटेड कंपनीने आपल्या चार नोकरांना जागा हवी म्हणून, आसनावर बसलेल्या डेव्हिड डाओ या डॉक्टरांना फरफटत बाहेर काढविले. जगभर छी:थू झाली तेव्हा राजीखुशीने उठणाऱ्यास द्यावयाची कमाल रक्कम त्या कंपनीने दहा हजार डॉलरपर्यंत वाढवली. पूर्वी विचारले असते तर त्याहून फार थोडक्यात काम झाले असते!

आपल्या देशातही नियम आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो २०१० साली काढला आणि २०१६ साली त्यातील भरपाई वाढवली. त्यानुसार कंपनीने प्रथम स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधले पाहिजेत. पक्के तिकिट घेऊन वेळेवर आलेल्या प्रवाशास त्याच्या इच्छेविरुद्ध मागे ठेवले, तर मूळ वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिल्यास भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतले दिल्यास एका बाजूचे मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. चोवीस तासांनंतरचे दिल्यास चौपट, कमाल वीस हजार. दुसरे विमानच नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत, आणि वर तीच चौपट भरपाई. २०२२च्या जूनमध्ये याच नियमाच्या भंगाबद्दल एअर इंडियाला दहा लाख रुपयांचा दंड झाला होता.

मास्तरांचे भाडे आणि इंधन आकार मिळून चार हजार होते. म्हणजे त्यांना आठ हजार रुपये रोख मागता आले असते. 'स्वेच्छेने' या एका शब्दाने त्यांचे दोन हजारांचे कूपन झाले, आणि तेही पुन्हा त्याच कंपनीच्या दाराशी गेल्यास!

सातारा-सांगलीकडील वाचकांस हे विशेष सांगावयाचे, कारण कऱ्हाड आणि कवलापूर येथे धावपट्ट्या असल्या तरी तेथून नियमित प्रवासी विमाने सुटत नाहीत. कोल्हापूरची विमाने मोजकी. एरवी आपणांस पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. पुणेकराला विमानातून वगळले तर तो रिक्षाने घरी जाऊन झोपेल. सांगलीकराने कोठे जावे?

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुलांकडून घरबसल्या चेक-इन करवून घ्यावे. जागा नाकारलीच तर तसे कारणासह लेखी मागावे. वाचल्यावाचून सही करू नये, आणि मन राजी नसेल तर 'स्वेच्छेने' या शब्दाखाली तर मुळीच करू नये. तिकिट आणि सर्व कागद जपून ठेवावेत. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' या व्यवस्थेकडे तक्रार करता येते. त्याही पुढे ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाद मागता येते; त्यासाठी दिल्ली-मुंबईस जाण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आठ हजार घेऊन का मुहूर्त परत येणार आहे?" आमच्याकडे याला उत्तर नव्हते. पण त्यांच्या पत्नी, ज्या इतका वेळ गप्प बसल्या होत्या, म्हणाल्या, "मुहूर्त नाही यायचा. पण उद्या दुसऱ्या कोणाच्या आजोबांना असे उभे करताना ते दोनदा विचार तरी करतील. लिहा तुम्ही."

त्याच संध्याकाळी आमच्या मेजावर बसून मास्तरांनी कंपनीला पत्र लिहिले. कागद न वाचता सही केली ही आपली चूक, असे त्यांनी पहिल्याच ओळीत कबूल केले, आणि पुढे नियमाचा आधार देऊन आठ हजारांची मागणी केली. कूपन सोबत परत जोडले आहे. पत्र टपालात पडून तीन आठवडे झाले. उत्तर आले की वाचकांस कळवू.