शोधाची चौकट आणि चळवळीचे शब्द

चळवळींचे जुने साहित्य संगणकाच्या पडद्यावर वाचता येणे ही आपल्या अभ्यासक्षेत्रातील मोठी घटना आहे, याबद्दल दुमत नसावे. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'साठी स्कॅन झालेली कितीतरी मराठी पुस्तके आज 'इंटरनेट अर्काइव्ह'वर घरबसल्या उघडतात. ज्यांना मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत महिनोन्महिने बसणे परवडत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी हे वरदानच होय. मात्र या सोयीबरोबर एक सवयही आली आहे. शोधाच्या चौकटीत एखादा शब्द टाकायचा, जे समोर येईल ते पुरावा मानायचे आणि जे येणार नाही ते नव्हतेच असे समजायचे, ही ती सवय. मग 'या काळात या विषयावरील लेखन आढळत नाही' असे वाक्य प्रबंधात निर्धास्तपणे लिहिले जाते. सामाजिक न्यायाच्या चळवळींबाबत हे वाक्य विशेष घातक ठरते, कारण 'यांनी काही लिहिलेच नाही' हा त्या समाजांवरचा जुनाच आक्षेप आहे. यंत्राच्या साक्षीने आपण तो नव्याने सिद्ध करून देतो.

अडचण मुळात शब्दांची आहे. महाराष्ट्रातील जातिविरोधी चळवळीचा अभ्यासक साहजिकच 'दलित' हा शब्द टाकतो. हा शब्द आज ज्या अर्थाने आणि ज्या ताठ मानेने उच्चारला जातो, त्यामागे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरचा आणि दलित साहित्याचा मोठा वाटा आहे. त्यामागे जावे तसतसे शब्द पालटत जातात. जोतीराव फुले 'शूद्रातिशूद्र' म्हणतात. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या मराठी नावात 'निराश्रित' हा शब्द आहे. आज तो शोधला तर फाळणीतील विस्थापितच आधी भेटण्याचा संभव अधिक. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या 'बहिष्कृत हितकारिणी सभे'त आणि १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'बहिष्कृत भारत'मध्ये तिसराच शब्द आहे. १९५६ मध्ये 'जनता' या पत्राचे 'प्रबुद्ध भारत' झाले आणि त्याच वर्षीच्या धर्मांतराने 'बौद्ध' हे नाव दिले.

हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, हे इथे महत्त्वाचे. 'निराश्रित' म्हटले की आश्रय देणारा कोणीतरी गृहीत धरला जातो. 'बहिष्कृत' म्हटले की बहिष्कार घालणाऱ्याकडे बोट जाते. 'शूद्रातिशूद्र' या समासात तर दोन समूहांना एकत्र बांधणारा राजकीय विचारच सामावला आहे. त्याच्या जागी 'दलित' घातले, तर फुल्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग गळून पडतो. आता अर्थसादृश्यावरून शोध घेणारी यंत्रे आली आहेत आणि ती हे सगळे शब्द एका टोपलीत आणूनही देतील. पण एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी चळवळीला जे वाद घालावे लागले, तेच तर आपल्या अभ्यासाचा विषय आहेत. ते टोपलीत येत नाहीत.

लिपीची गोष्टही वरवर तांत्रिक वाटते, पण तशी नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. तत्पूर्वीच्या मजकुरातील 'नाहीं', 'केलें', 'त्यांत' हे शब्द आजच्या लेखनाप्रमाणे शोधल्यास हाती लागतीलच असे नाही. जुन्या छपाईतला 'ख' यंत्र 'रव' असाही वाचते. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या पुस्तकांत डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राला खाली रोमन अक्षरांचा गोंधळच मिळतो. यावर उपाय म्हणून सगळा मजकूर प्रमाण लेखनात आणावा, असे सुचवले जाते. शोधासाठी ते उपयुक्तही आहे. मात्र मूळ पाठ शेजारी जसाच्या तसा राहिला पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून ज्या भाषेची टर उडवली, ती फुल्यांची भाषा यंत्राच्या सोयीसाठी 'शुद्ध' करणे म्हणजे त्या वादात नकळत चिपळूणकरांची बाजू घेणे होय.

स्त्रियांच्या बाबतीत तर प्रश्न अधिक बिकट होतो. विवाहाने नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. सभेच्या वृत्तांतात कित्येकदा केवळ अमक्याची पत्नी एवढीच नोंद उरते. शोधाच्या चौकटीत अशा स्त्रीसाठी कोणता शब्द टाकणार? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चे पुस्तक आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून उभे राहिले. कागदावर जे नव्हते, ते माणसांत होते. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) छापलेले होते, तरी स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित करेपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीतच होते. मुक्ताबाईंचा १८५५ चा निबंध मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'त आला. केवळ चळवळीची पत्रे चाळणाऱ्याला तो मिळणार नाही.

तेव्हा डिजिटल संग्रह नाकारण्याचा प्रश्नच नाही. तो वाचण्याची शिस्त हवी. प्रबंधात संदर्भग्रंथांप्रमाणे कोणत्या संग्रहात, कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या लेखनभेदांनी शोध घेतला, याचीही नोंद मागितली पाहिजे. 'आढळत नाही' या वाक्याची किंमत त्यावरूनच ठरेल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाशिवाय सिद्ध केली. आपल्या मराठी विभागांनी चळवळीच्या एकेका नियतकालिकाची लेखसूची एकेका वर्गाकडून करवून घेतली, आणि तीत आजच्या शब्दाशेजारी त्या काळचा शब्द नोंदवला, तर पुढच्या विद्यार्थ्याला चौकटीत काय टाकावे हे तरी कळेल. हे काम अनाकर्षक आहे, त्यावर परिसंवाद भरत नाहीत. पण ते झाल्याशिवाय आपण चळवळीचा इतिहास शोधतो आहोत असे म्हणण्यात फारसा अर्थ नाही.