वैशाखातली मोकळी परसबाग

चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. त्यातल्या वैशाखात पुणे-नाशिककडे पारा चाळिशीच्या आसपास असतो, हिरवळ करपते. पण थोडी रानटी राहू दिलेली परसबाग याच दिवसांत सर्वांत गजबजलेली असते. मोगऱ्याला कडक ऊन मानवते. हिवाळा सरताना छाटलेल्या झुडपांना नव्या फुटव्यांवर कळ्या धरतात आणि त्या संध्याकाळी उमलू लागतात. फुटबॉल लिलीचा कंद हिवाळ्यात पाने झडल्यावर मातीत दिसेनासा होतो. रिकामी जागा म्हणून ती कोणी उकरली नाही, तर मे महिन्यात तिथूनच लाल फुलांचा भरगच्च गोल वर येतो. मूळची ही आफ्रिकेतली. महाराष्ट्रातल्या अंगणांत मात्र मे फ्लॉवर म्हणून घरचीच झाली आहे.

अशा बागेतले खरे सुख मात्र फुलांपेक्षा वर्दळीत आहे. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या नाहीत की त्यांवर फुलोरी माश्या सकाळपासून घोंगावतात. कढीपत्त्याचे कोवळे पान उलटून पाहावे: एखाद्या पानावर मोहरीएवढे पिवळसर अंडे असते, तर शेजारच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसते. ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला हलकेच डिवचले, तर डोक्यामागून लालसर दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते. लिंबाच्या झाडावर तिचीच भावंडे आणि कधी ब्ल्यू मॉर्मनच्या अळ्याही सापडतात. या ब्ल्यू मॉर्मनला महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिला. चार डहाळ्या कुरतडल्या गेल्या म्हणून फवारणी करणे हा फार महागाचा सौदा आहे.

पक्ष्यांचाही हा विणीचा हंगाम. बुलबुल हाताला येईल अशा झुडपात वाटीसारखे घरटे करतो. दोन-तीन गुलाबी ठिपकेदार अंडी सुमारे दोन आठवड्यांत फुटतात. शिंपी पक्षी रुंद पानाच्या कडांना भोके पाडतो आणि कोळ्याच्या जाळ्याचे किंवा कापसाचे तंतू ओवून ती शिवतो. पान फांदीवर जिवंत राहते, म्हणून घरटे हिरवेच दिसते आणि माळ्याच्या कात्रीला सहज बळी पडते.

झाडांखालचा पाचोळा हा कचरा नव्हे. श्री. अ. दाभोळकर हे पेशाने गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवाराने घरच्या पालापाचोळ्यातून माती घडवण्याचा मार्ग कितीतरी घरांना दाखवला. वैशाखात हा थर उन्हाची झळ अडवतो आणि ओल टिकवतो, त्याच्याखाली गांडुळे तग धरतात. दयाळ सकाळी हाच पाचोळा उलथून किडे टिपतो. बागेतला सगळा पाला गोळा करून जाळणे हे केवळ दुर्लक्ष नाही, ते नुकसान आहे. ओलसर कोपऱ्यात आपोआप उगवणारी घोळ भाजीला येते, तीही उपटून फेकू नये.

मोकळीक द्यायची म्हणजे बाग सोडून द्यायची, असे मात्र नाही. गाजरगवत फुलण्याआधीच मुळासकट काढावे. कुंड्यांखालच्या बशा आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे दर दोन-तीन दिवसांनी ओतून घासावे, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते. वावरायची वाट साफ ठेवावी. पाचोळा झाडांच्या बुंध्याशी शोभतो, दाराशी नाही. आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी करायची असेल, तर कात्री लावण्याआधी प्रत्येक झुडूप आतून पाहून घ्यावे. घरटे दिसले, तर पिल्ले उडेपर्यंत तेवढी फांदी तशीच राहू द्यावी.