दहा मिनिटांचा हिशेब

एप्रिल 2025 मध्ये धाराशिव जिल्ह्यातील परंडा येथे महाविद्यालयाच्या समारंभात भाषण करीत असतानाच एक विद्यार्थिनी कोसळली आणि मरण पावली. योग्य साधन हाताशी असते तर तो जीव वाचला असता, असे कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. परंतु उद्या असा प्रसंग परभणीच्या एखाद्या महाविद्यालयावर ओढवला, तर सभागृहातील किती जणांना काय करावे हे ठाऊक असेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया अकस्मात बंद पडणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. रोगी बहुधा शुद्धीवर असतो. दुसरीत हृदयाची लय बिघडून ते पुष्कळदा नुसते थरथरत राहते, मेंदूला रक्त पोचत नाही व माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. उपाय न झाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांत बहुतेक सारे संपते.

आता जिल्ह्याचा नकाशा पाहावा. जिंतूर वा गंगाखेडहून परभणी सुमारे चाळीस किलोमीटर. 2014 पासून 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावत आहेत, 2023 मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या सोयींचे मोल मोठे आहे. तथापि दहा मिनिटांचे गणित त्यांनी सुटत नाही. तोवरची मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याच हाती असतात.

स्वयंचलित डिफिब्रिलेटर याच मिनिटांसाठी आहे. छातीवर दोन पट्ट्या चिकटवल्या की हे यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते व गरज असेल तरच विजेचा झटका देण्याची सूचना करते. शिकागोच्या तीन विमानतळांवर ही यंत्रे बसविल्यावर दोन वर्षांत हृदयाची अशी थरथर सुरू झालेल्या 18 जणांपैकी 11 जण वाचल्याचे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सहा जणांना वाचविणाऱ्यांनी या यंत्राचे शिक्षण घेतलेले नव्हते; अर्थात त्यांपैकी तिघे वैद्यकीय पदवीधर होते.

यंत्राची किंमत लाखभर रुपयांच्या घरात जाते. ते गावोगाव बसवा, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. तुटपुंजा पैसा जेथे अधिक माणसे अधिक काळ एकत्र येतात तेथे आधी लागावा. पूर्णा जंक्शन, परभणीचे एसटी स्थानक, कृषी विद्यापीठ, पोलीस भरतीचे मैदान, तुराबुल हक दर्ग्याचा उरूस ही अशी ठिकाणे होत. शिवाय बॅटरी व पट्ट्या मुदतीनंतर बदलाव्या लागतात. त्याची तरतूद खरेदीबरोबरच हवी. उद्घाटनानंतर कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद झालेले यंत्र ही केवळ डेड स्टॉक रजिस्टरातील एक नोंद होय.

यंत्राइतकेच महत्त्व शिकलेल्या हातांना आहे. छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाब देण्याची क्रिया एका दुपारी शिकता येते आणि तिला फारसा खर्च नाही. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि एसटी वाहकांचे वर्ग यांत तिला स्थान मिळावे.

मदतीला धावणाऱ्याच्या मनात पोलीस-चौकशीची भीती असते, हेही विसरून चालणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या 134-अ कलमाने अशा माणसाला संरक्षण दिले, पण ते वाहन-अपघातापुरते. फलाटावर वा वर्गात कोसळलेल्याला हात देणाऱ्यासही तितकेच निःसंदिग्ध संरक्षण हवे.

जिल्हा नियोजन समितीने या गोष्टीसाठी माफक तरतूद करावी. पण शाळा-महाविद्यालयांनी त्या निधीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. यंत्र येईल तेव्हा येईल. शिक्षणाला या सत्रातच आरंभ करता येईल.